जुन्या गाडीला ‘थंड हवेचं किट’ लावावं का?

सदर : घरची गाडी

बडोद्याहून एका वाचकाचा मेसेज आला आहे. घरात २००४ ची मारुती झेन आहे, बाबांनी हौसेने घेतलेली. पंधरा वर्षं झाल्यावर नोंदणी वाढवून घेतली, नंतर पुन्हा एकदा वाढवली. गाडी आजही रोज रस्त्यावर असते. तक्रार एकच, पिकअप राहिला नाही. सुट्टीत नाशिकला जाताना सापुताऱ्याचा घाट लागला की एसी बंद करावा लागतो आणि तरीही गाडी दुसऱ्या गिअरवर कण्हत चढते. आता मुलाला नोकरी लागली आहे. पहिल्या पगारातून बाबांच्या गाडीला ‘कोल्ड एअर इनटेक’ बसवायचा त्याचा बेत आहे. व्हिडिओत पाहिलंय, गाडी एकदम मोकळी होते म्हणे. बाबांचं म्हणणं, “आहे ती गाडी बिघडवू नकोस.” मुलगा विचारतो, बरोबर कोण?

तुमच्या घरी झेन नसेल. एस्टीम असेल, सँट्रो असेल, जुनी सिटी किंवा इंडिका असेल. पण हा वाद बऱ्याच घरांत होतो, म्हणून उत्तर सगळ्यांसाठी देतो.

किट म्हणजे नेमकं काय?

इंजिनाला पेट्रोलपेक्षा हवा कितीतरी जास्त लागते. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते. झेनचं ९९३ सीसीचं इंजिन फुल रेसवर, ५५०० आरपीएमला फिरत असेल, तर ते मिनिटाला साधारण अडीच हजार लिटर हवा ओढतं. गच्चीवरच्या हजार लिटरच्या अडीच टाक्या, दर मिनिटाला!

ही हवा एका पाइपातून येते, प्लॅस्टिकच्या काळ्या डब्यातल्या कागदी फिल्टरमधून जाते आणि मग इंजिनात शिरते. बाजारातलं किट हा डबा काढून टाकतं. त्याच्या जागी जाड गुळगुळीत पाइप येतो आणि टोकाला शंकूच्या आकाराचा, बहुधा तेल लावलेल्या कापडी जाळीचा फिल्टर.

यात दोन प्रकार असतात आणि दुकानात दोन्ही एकाच नावाने विकले जातात. पहिल्यात पाइप आखूड असतो आणि फिल्टर बोनेटखाली, इंजिनाच्या शेजारीच बसतो. दुसऱ्यात पाइप लांब असतो आणि फिल्टर खाली, बंपरच्या किंवा मडगार्डच्या आत जातो. थंड हवा मिळालीच तर ती दुसऱ्या प्रकारातच. पहिला प्रकार नावाने थंड आणि कामाने गरम, कारण इंजिनाच्या कुशीत बसून तो इंजिनाचीच गरम हवा ओढतो. मुलाने पाठवलेल्या फोटोतलं किट पहिल्या प्रकारचं आहे.

थंड हवेचा हिशोब

थंड हवा दाट असते, हे खरं आहे. दाट हवेत ऑक्सिजन जास्त, त्यामुळे पेट्रोल जास्त जाळता येतं आणि ताकद वाढते. डिसेंबरच्या पहाटे तीच गाडी जास्त चपळ वाटते, ती यामुळेच. म्हणजे मुलाच्या डोक्यातली कल्पना चुकीची नाही.

आता आकडे मांडू. बाहेर ३५ अंश सेल्सिअस आहे आणि इंजिन बोनेटखालची ६५ अंशांची हवा ओढतंय असं समजा. ही हवा बाहेरच्या हवेपेक्षा साधारण ९ टक्के विरळ असते. ताकदीतली घट मात्र ९ टक्क्यांपेक्षा बरीच कमी असते, कारण थंड हवासुद्धा आत जाताना गरम धातूला लागून तापतेच. तरी फरक जाणवण्याइतका आहे.

पण तुमच्या गाडीचा कंपनीचा पाइप धड असेल, तर इंजिन ६५ अंशांची हवा ओढतच नाही. बहुतेक गाड्यांत या पाइपाचं तोंड हेडलाइटमागे, ग्रिलजवळ किंवा मडगार्डमध्ये असतं. चालत्या गाडीत तिथे बाहेरचीच हवा येते, फार तर थोडी कोमट. समजा बाहेर ३५ आणि डब्याच्या तोंडाशी ४० अंश आहेत. जगातलं सगळ्यात महाग किट लावलं तरी हवा बाहेरच्यापेक्षा थंड होणार नाही. मिळाले तर ते मधले ५ अंश. त्यातून हवा दाट होते दीड टक्क्याच्या आसपास. झेनचं इंजिन साधारण ६० बीएचपीचं, तेही नवं असताना. त्याचा दीड टक्का म्हणजे एक बीएचपीसुद्धा नाही. घाटात एसी लावल्यावर कॉम्प्रेसर याच्या कितीतरी पट ताकद खातो.

थोडक्यात, थंड हवेचं किट कंपनीने तुमच्या गाडीला आधीच दिलेलं आहे. ते अजून शाबूत आहे का, एवढंच पाहायचं.

आधी हे पाहा : पाइप जागेवर आहे का?

वीस वर्षांच्या गाडीचं बोनेट उघडा आणि एअर फिल्टरच्या डब्यापासून पुढे जाणारा पाइप बोटाने माग काढत जा. अनेक जुन्या गाड्यांत तो अर्ध्यावर संपलेला असतो. कधी पुढून ठोकर बसल्यावर तुटला आणि नवा बसवलाच नाही. कधी गॅरेजमध्ये हेडलाइटचं काम करताना काढला आणि बाजूला राहिला. कधी प्लॅस्टिक कडक होऊन तडकलं. गाडी चालू होते, दिवाही लागत नाही, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. आणि मग इंजिन वर्षानुवर्षं रेडिएटरच्या मागची तापलेली हवा ओढत राहतं.

फिल्टरपासून इंजिनाकडे जाणारा रबरी होजही पाहा. वाकवून बघा, घड्यांमध्ये भेगा असतील. क्लिप सैल असेल. तिथून हवा शिरली तर ती फिल्टरमधून गेलेलीच नसते, म्हणजे धूळ थेट सिलिंडरमध्ये. डब्याचं झाकण नीट बसतंय का, चारही क्लिपा आहेत का, तेही तपासा.

तुमची गाडी कार्ब्युरेटरच्या जमान्यातली असेल तर आणखी एक गोष्ट. त्या काळच्या काही गाड्यांत फिल्टरच्या डब्याला उन्हाळा आणि हिवाळा अशा दोन जागा असत. हिवाळ्याच्या जागेवर तो एग्झॉस्टजवळची गरम हवा मुद्दाम ओढतो, थंडीत कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू नये म्हणून. ती झडप गंजून हिवाळ्यावरच अडकली असेल, तर मे महिन्यात गाडी गरम हवा पीत असते. ती सोडवणं हाच तिचा कोल्ड एअर इनटेक.

बडोद्याच्या मुलाला मी आधी एवढंच पाहायला सांगितलं. त्याने फोटो पाठवला. डब्याच्या तोंडाला पाइपच नव्हता.

घरच्या घरी मोजून बघा

अंदाजावर राहू नका. वायरला सेन्सर असलेला साधा डिजिटल थर्मामीटर मिळतो, फ्रिजमध्ये किंवा माशांच्या टाकीत लावतात तो. त्याचा सेन्सर एअर फिल्टरच्या पाइपाच्या तोंडाशी बाहेरून टेपने चिकटवा. आत मोकळा सोडू नका, नाहीतर इंजिन तोही ओढेल. वायर पंख्यापासून आणि पट्ट्यापासून दूर ठेवून डॅशबोर्डपर्यंत आणा. पंधरा मिनिटं मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगाने गाडी चालवा आणि शेजारी बसलेल्याला आकडा वाचायला सांगा. बाहेरच्या तापमानापेक्षा पाच-सात अंशच जास्त असेल, तर किटची गरज नाही. वीस-तीस अंश जास्त असेल, तर पाइप हरवलाय किंवा चुकीच्या जागी आहे. सिग्नलला उभं राहिल्यावर आकडा वाढणारच. ते सगळ्याच गाड्यांत होतं, किट लावलेल्या गाडीतही.

मग लोक ‘फरक पडला’ का म्हणतात?

कारण आवाज बदलतो. कंपनीच्या डब्यात आणि पाइपात हवेच्या ओढीचा आवाज दाबायची सोय केलेली असते. ती काढली की रेस देताच घुमल्यासारखा आवाज येतो. कान म्हणतो गाडी धावली आणि बाकीचं शरीर त्यावर विश्वास ठेवतं. शिवाय बहुतेक वेळा जुना, धुळीने गच्च झालेला फिल्टर काढून हे नवं किट बसतं. तिथे नवा कागदी फिल्टर बसवला असता तरी गाडी मोकळी झालीच असती. श्रेय मात्र किटला जातं.

आवाज आवडतो म्हणून कोणी किट घेत असेल, तर माझी हरकत नाही. शौकाला मोल नसतं. फक्त तो शौक आहे हे मान्य करून पैसे द्यावेत.

आणि ‘अॅव्हरेज वाढेल’ हे तर विसराच. पेट्रोल गाडीत नेहमीच्या चालण्यात थ्रॉटलची झडप अर्धवट बंदच असते. म्हणजे हवा आपणच पायाने अडवत असतो. पुढचा रस्ता मोकळा केला तर पाय थोडा कमी दाबला जातो, इतकंच. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये याची चाचणी केली होती. इंजेक्शनच्या गाड्यांत फिल्टर चोंदला तरी इंधनाच्या खपात लक्षणीय फरक पडला नाही, पिकअप मात्र कमी झाला. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत मात्र स्वच्छ फिल्टरने काही टक्के इंधन वाचलं. चोंदलेल्या फिल्टरची ही गत, तर चांगला फिल्टर काढून किट लावल्याने अॅव्हरेज कुठून वाढणार?

धूळ : जुन्या इंजिनाचा खरा वैरी

आपल्या रस्त्यांवरची धूळ म्हणजे बारीक वाळूच. ती सिलिंडरमध्ये गेली की पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत घासली जाते. इंजिन ऑइल प्यायला लागतं, कॉम्प्रेशन उतरतं आणि पिकअप कायमचा जातो. कंपनीचा घड्यांचा कागदी फिल्टर बारीक धूळ चांगली अडवतो आणि तो काही शे रुपयांत मिळतो. जाळीचा फिल्टर हवा जास्त सोडतो, पण बारीक धूळ अडवण्यात सहसा मागे पडतो. तो वेळच्या वेळी धुऊन, वाळवून, मोजकं तेल लावून बसवावा लागतो. तेल कमी पडलं तर धूळ आत जाते. जास्त झालं तर हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या नाजूक तारेवर ते बसतं आणि गाडी झटके द्यायला लागते.

आणखी एक गडबड बसवताना होते. इंजिनातली वाफ परत जाळण्यासाठी एक बारीक होज फिल्टरच्या डब्याला किंवा पाइपाला जोडलेला असतो. अनेक गाड्यांत हवेचं तापमान मोजणारा सेन्सरही तिथेच असतो. घाईत किट बसवणारे हा होज उघडाच सोडतात आणि सेन्सर कुठेतरी बांधून ठेवतात. मग बोनेटखाली तेलकट थर साचतो आणि कॉम्प्युटरला चुकीचं तापमान मिळतं.

पावसाळा

लांब पाइपाच्या किटमध्ये फिल्टर बंपरच्या पातळीवर येतो. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात गाडी घातली आणि तो फिल्टर बुडाला, तर इंजिन हवेऐवजी पाणी ओढतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. याला हायड्रोलॉक म्हणतात. जुन्या गाडीच्या बाबतीत याचा अर्थ बहुधा एकच, दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या वर.

२६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कंपनीच्या उंच पाइपाच्या गाड्याही बुडाल्या. तो दिवस वेगळाच होता. पण बडोदा, हैदराबाद, बेंगळुरू, इंदूर, कुठल्याही शहरात गुडघाभर पाणी दर पावसाळ्यात कुठे ना कुठे साचतंच. कंपनीने पाइपाचं तोंड वर ठेवलंय ते उगाच नाही.

लक्षात ठेवा, पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा चावी फिरवू नका. ढकलून बाहेर काढा आणि मेकॅनिकला बोलवा. चावी फिरवल्यानेच अनेक इंजिनं मोडतात.

विम्याचंही पाहा. पाणी शिरून मोडलेलं इंजिन साध्या पॉलिसीत सहसा धरत नाहीत. त्यासाठी वेगळं इंजिन संरक्षण घ्यावं लागतं आणि ते जुन्या गाडीला सहसा मिळत नाही. त्यात न कळवता केलेला बदल निघाला, तर दावा आणखी अडकतो.

कायद्याचंही थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये नोंदणीतल्या मूळ माहितीपेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलायला मनाई आहे. एअर फिल्टरची नोंद आरसीवर नसते, पण आवाज आणि धूर तपासले जातात. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवताना गाडी तपासणीला न्यावी लागते. त्या दिवशी मूळ डबा जागेवर असलेला बरा. म्हणून किट बसवलंच तर काढलेला डबा आणि पाइप भंगारात देऊ नका. जुन्या मॉडेलचे हे भाग पुन्हा शोधताना नाकी नऊ येतात.

पिकअप गेलाय तर पैसे कुठे लावायचे?

वीस वर्षांच्या गाडीचा पिकअप एका कारणाने जात नाही, थोडाथोडा चार ठिकाणी जातो. या क्रमाने जा, स्वस्तापासून महागाकडे.

१. टायरमधली हवा. आणि गाडी चालवून आल्यावर चारही चाकांजवळ हात न्या. एखादं चाक जास्त तापलं असेल तर ब्रेक धरून बसतोय.

२. नवा कागदी एअर फिल्टर, हरवलेला पाइप, फाटलेला होज.

३. स्पार्क प्लग आणि त्यांच्या वायरी. थ्रॉटल बॉडीची सफाई. पेट्रोल फिल्टर.

४. क्लच. चौथ्या गिअरमध्ये रेस दिल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असं झालं तर क्लच घसरतोय. घाटात हे पहिल्यांदा कळतं.

५. कॉम्प्रेशन टेस्ट. चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. एखादा फारच खाली असेल, तर इंजिनाचंच काम आहे. मग कुठलंही किट लावा, उपयोग नाही.

दर कामानंतर एकच चाचणी करा : तोच मोकळा सुरक्षित रस्ता, तिसरा गिअर, ४० पासून ७० पर्यंत किती सेकंद लागतात ते शेजाऱ्याने मोबाइलवर मोजायचं. जाताना एकदा, येताना एकदा. कान फसतो, घड्याळ फसत नाही.

मग किट कोणी घ्यावं?

काही जणांना ते खरंच उपयोगी आहे. ज्याने कॅमशाफ्ट बदललाय, एग्झॉस्ट बदललाय आणि त्यानुसार कॉम्प्युटर किंवा कार्ब्युरेटरचे जेट नव्याने लावून घेतलेत, त्याच्या इंजिनाला जास्त हवा लागते. तिथे कंपनीचा डबा कमी पडू शकतो. जो गाडी ट्रॅकवर पळवतो, त्याच्यासाठी एक बीएचपीही मोलाचा. आणि ज्याच्या गाडीचा मूळ डबा फुटलाय आणि कुठेच मिळत नाही, त्याने फिल्टरभोवती उष्णता अडवणारा पत्र्याचा आडोसा करून, तोंड उंच ठेवून किट बसवलं तर चालेल. बाकी घरच्या गाडीला गरज नाही.

आता बडोद्याचा निकाल. मुलगा म्हणत होता, गाडीला श्वास पुरत नाही. ते बरोबर निघालं. बाबा म्हणत होते, बिघडवू नकोस. तेही बरोबर. मुलाने जुन्या स्पेअर पार्टच्या बाजारातून मूळ पाइप शोधला, नवा कागदी फिल्टर आणि प्लग टाकले आणि किटसाठी ठेवलेले बाकी पैसे मी सांगितल्यावरून क्लच तपासायला वापरले. क्लच घसरत होताच. तो बदलला. परवा त्याचा मेसेज आला. सापुतारा घाट एसी चालू ठेवून चढले आणि गाडी बाबाच चालवत होते.

तुमच्या घरच्या गाडीचं बोनेट या रविवारी उघडा आणि तो पाइप जागेवर आहे का, पाहा. नसेल तर फोटो काढून आम्हाला पाठवा. तो कुठे जोडायचा, ते मिळून शोधू.